समोर बसलेल्याचं आडनाव

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं आणि तुझ्या बापाचं अशी दोन पत्रं एकाच टपालाने आली. पोस्टमनने दोन्ही एकदम हातावर ठेवली तेव्हाच ओळखलं, आग एकाच घरात लागली आहे आणि दोघंही रिकामी बादली घेऊन माझ्या दारात. आधी तुझं वाचलं, कारण ते लहान होतं. बापाने शब्दांखाली लाल शाईने रेघा ओढल्यात. जन्मभर मोजणी खात्यात लोकांच्या जमिनीच्या हद्दी आखल्या, आता निवृत्त झाला तरी हात थांबत नाही.

मला कळलं ते असं. तुला एक मुलगा पसंत आहे. तो तिकडे नळ आणि बॉयलर दुरुस्त करतो, कमी बोलतो, आपलं ताट आपण घासतो. हे सगळं ठीक. पण त्याचं आडनाव आपलंच आहे आणि इथे गाडं अडलं. तुझा बाप म्हणतो, एक आडनाव म्हणजे एक भावकी, आणि भाऊबहिणीच्या लग्नाला मी येणार नाही, आशीर्वादही देणार नाही.

त्याच्या दिवाणखान्यात तो वंशवृक्ष टांगलाय ना, तोच त्याचा पुरावा. कागद वाढत वाढत खिडकीवर गेला, आता तुझी आई भर दुपारी दिवा लावून वाटाणे सोलते. त्या कागदावरची गोष्ट तुलाही पाठ असेल. मूळपुरुष तांब्याची भांडी ठोकायचा. त्याला दोन मुलगे. एक इथे दुकानात राहिला, तो आपला. दुसरा भांडला, हातोडा उचलला आणि समुद्रापलीकडे साखर कारखान्यांच्या कढया ठोकायला गेला. परदेशात जिथे जिथे आपलं आडनाव सापडतं ती सगळी त्या भांडखोराची पिलावळ. कुठे फोनच्या यादीत, कुठे वर्तमानपत्रात नाव दिसलं की तुझा बाप त्या माणसाला पत्र टाकतो आणि उत्तर आलं की त्याला फांदीवर वाळत घालतो. तुझा नळवालाही तिथे आधीपासून वाळतो आहे म्हणे, पलीकडच्या फांदीच्या शेंड्यावर.

मी तुझी बाजू घेतली असं समजून उड्या मारू नकोस. खरंच एक रक्त निघालं तर मीच नाही म्हणेन, तुझ्या बापापेक्षा मोठ्याने. पण ते आहे की नाही हे आधी कळू दे. तू लिहिलंस की हल्ली त्याच्याकडे बघताना तुझ्याही मनात किंतु येतो. ते मला टोचलं. किंतु पोटात घेऊन संसार होत नाही, आणि किंतुपायी मोडलं तर जन्मभर चुटपुट. तेव्हा हा किंतु मी काढणार, इकडचा किंवा तिकडचा.

त्या मुलाच्या घरात कोणी म्हातारं माणूस आहे का? असेल तर पत्ता धाड. फोन नको. फोनवर सगळे ओरडतात आणि मग मी असं म्हटलंच नव्हतं म्हणतात. कागदावर म्हटलेलं पळून जात नाही.

मी बरी आहे. गुडघे बरे नाहीत, पण त्यांना कोण विचारतो. माया आहे तेवढी आहे, तिची काळजी करू नकोस.

तुझी
आजी

---

२२ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र जिन्यातच फोडलं. वाचून हसू आलं आणि मग पायरीवर बसून राहिले.

आमची ओळख टपालामुळे झाली हे मी बाबांना सांगितलंच नाही, तुला सांगते. इमारतीच्या दारात सगळ्यांच्या टपालपेट्या आहेत आणि त्यांवर फक्त आडनाव. मी दुसऱ्या मजल्यावर, तो पाचव्या. माझे प्रयोगशाळेचे हातमोजे त्याच्याकडे जायचे, त्याचे पाने आणि वॉशर माझ्याकडे. टपालवाली आम्हांला नवराबायको समजायची आणि वर आम्हांलाच रागवायची की घरात एकमेकांशी बोलत जा. शेवटी खरंच बोललो.

इथे आपलं आडनाव विचित्र ठिकाणी भेटतं. कोपऱ्यावरच्या बेकरीवर आहे. ज्या दवाखान्याला आम्ही प्रयोगशाळेतून दात बनवून देतो तिथल्या भूल देणाऱ्या बाई आपल्या आडनावाच्या, त्यांना मराठीचा एक शब्द येत नाही आणि आडनावही त्या असं उच्चारतात की मला आधी कळलंच नाही. एक बसचालक आहे. त्याच्या आजोबांच्या आजोबांनी तांब्याचं काहीतरी केलं, एवढंच त्याला ठाऊक. बाबा म्हणतात ही सगळी माझी चुलत माणसं. मी बेकरीवाल्याकडे पाव घेताना त्याच्या नाकाकडे बघत राहते.

जूनमध्ये पाचव्या मजल्यावरच्याची बदली दुसऱ्या शहरात आहे. त्याआधी ठरवायला हवं, कारण मी बरोबर जायचं तर मला इथली नोकरी सोडायची आहे. बाबा आले नाहीत तरी लग्न कायद्याने होईल. पण मला ते तसं नको आहे. आणि बाबांचं खरं असेल तर मला ते मुळीच नको आहे. तू खरं काय ते सांग, मला बरं वाटेल असं नको.

त्याची आजी आहे. वडिलांची आई. जन्म इथलाच, पण मराठी तुझ्यासारखं लिहिते, आईने घरात शिकवलं. तिला तुझं सांगितलं तर म्हणाली, लिहू दे, बघू कशी लिहिते. पत्ता मागे लिहिला आहे. आजी, तीही जरा तिखट आहे. जपून.

तुझी लाडकी, निदान आतापर्यंत,
भिंगरी

---

८ मार्च

पलीकडच्या आजीबाईंस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. तुमचा नातू आणि माझी नात एकमेकांचं टपाल वाचता वाचता लग्नापर्यंत आलेत, एवढं तुम्हांला ठाऊक असेल. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा अक्षराला हसू नका. हसलात तर मला कळवू नका.

विचारायचं ते सरळ विचारते. आपलं आडनाव एक. माझा मुलगा म्हणतो म्हणून आपण एका घरच्या. तसं असेल तर पोरं भाऊबहीण आणि विषय संपला. तुम्हीही तेच म्हणाल. पण नुसत्या आडनावावर मी पोरांचं मोडणार नाही. बाजारात एका नावाची दोन दुकानं असतात, म्हणून मालक एक नसतो.

मला खूण हवी, आणि आमच्या घरात एक खूण आहे. तांब्याच्या भांड्यावर हातोड्याने ओळीने ठसे उठवतात, त्याला मठार म्हणतात, तुम्हांला ठाऊक असेल. सगळी दुनिया हातोडा उजव्या हातात धरते. आमचे लोक डाव्या हातात धरतात आणि भांडं उजव्याने फिरवतात. माझे सासरे तसेच, नवरा तसाच, त्याच्या हाताखाली तयार झालेला धाकटा दीरही तसाच. त्यामुळे आमच्या हंड्यावरचे ठसे उलट्या अंगाने चढतात. गिऱ्हाईक अंधारात हात फिरवून सांगायचं, हे अमक्यांचं भांडं. माझा मुलगा सगळ्यांना सांगतो, डावा हात म्हणजे आमचं रक्त.

तेव्हा तुमच्या घरात कोणत्या हाताने ठोकत होते ते लिहा. डाव्या असेल तर मी इथेच पूर्णविराम देते आणि पोरीची समजूत मी घालते. उजव्या असेल तर पुढचं बोलू. गोड लिहू नका, खरं लिहा.

तुमच्या गुडघ्यांना माझ्या गुडघ्यांचा नमस्कार.

भिंगरीची आजी

---

२९ मार्च

अलीकडच्या आजीबाईंस,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षराला हसले नाही, माझं याहून वाईट आहे. शाळा इथली, भाषा घरातली, दोन्ही अर्धी.

मीही या आडनावात लग्नाने आले, पण सासऱ्यांच्या दुकानात चिंच लावून भांडी घासण्यात माझी हयात गेली. म्हणून सांगू शकते. आमच्यात हातोडा उजव्या हातात. सासरे, त्यांचे वडील, सगळे उजवे.

इथे थांबले असते तर तुमचं काम झालं असतं. पण तुम्ही खरं लिहा म्हणालात, म्हणून पुढचं लिहिते, आणि ते तुम्हांला आवडायचं नाही.

सासऱ्यांच्या दुकानात बसायची एक रीत होती. स्वतःचा मुलगा शिकायला बसला की बापाच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून. ती गादी पुढे त्याचीच, म्हणून तो त्याच अंगाने बघणार. बाहेरचा शिकाऊ असला की तो समोर. उस्तादाची नजर त्याच्या हातांवर राहावी म्हणून. आता तुम्हीच बघा, समोर बसलेल्याला उस्तादाचा उजवा हात कुठल्या बाजूला दिसतो? तो बघून बघून शिकतो, तोंडाने कोणी सांगत नाही. मग तो हातोडा डाव्या हातात धरायला लागतो. उस्तादही सोडून देतात, भांडं गळत नाही ना, मग झालं. पुढे त्याची मुलं त्याच्या शेजारी बसतात, तीही डावी होतात. सासरे कोणाच्याही भांड्यावर हात फिरवून सांगायचे, हा शेजारचा, हा समोरचा.

आणि आडनावाचं म्हणाल तर शिकाऊ पोर दुकानातच जेवायचं, दुकानातच झोपायचं. लोक विचारायचे, कोणाचा रे तू? ते दुकानाचं नाव सांगायचं. हळूहळू तेच त्याचं नाव. इथेही सासऱ्यांच्या आज्यापाशी कितीतरी जण शिकले, काही इथेच राहिले, काही कारखान्या-कारखान्यांतून दुसऱ्या देशांत गेले, नाव बरोबर घेऊन गेले. तुमची नात पाव घेते तो बेकरीवाला त्यांतलाच. तुमचा मुलगा नुसतं नाव वाचतो आणि पाहुणे वाढवतो.

आमच्यात भांडणाची गोष्ट नाही. सासरे सांगायचे, काम मोठं होतं म्हणून घरचे सगळे इकडे आले आणि तिकडचं दुकान समोर बसणाऱ्या एका विश्वासाच्या माणसाच्या हाती सोपवलं. परत येऊ म्हणाले, आले नाहीत. त्याने दुकान बुडवलं नाही, एवढं तुमच्या पत्रावरून कळलं. बरं वाटलं.

रागावलात तर रागवा. पण पोरं भाऊबहीण नाहीत.

तुमची विहीण म्हणू का, की थांबू?

---

१७ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या होणाऱ्या आजेसासूचं पत्र आलं. सगळं तुला तीच सांगेल, न सांगून सोडणारी बाई नाही ती. थोडक्यात असं, की त्यांचा हात उजवा, आपला डावा, आणि डावा म्हणजे समोर बसून शिकलेला. म्हणजे आपण त्या घरचे मुलगे नव्हे, शिकाऊ.

पहिल्यांदा मला राग आला. तिचं पत्र तांदळाच्या डब्याखाली ढकललं आणि स्वयंपाकाला लागले. भाजीत मीठ दोनदा पडलं. मग म्हटलं, राग येण्यासारखं तिने काय खोटं लिहिलंय ते शोधू. सापडेना. तुझे आजोबा लिहायचे उजव्या हाताने. जेवायचे उजव्या हाताने. कुत्र्याला दगड मारायचे तो उजव्या हाताने. नुसता हातोडा तेवढा डाव्यात. जन्माचा डावखुरा माणूस असा नसतो. इतकी वर्षं शेजारी झोपले, हे कधी मनात आलं नाही.

आणि तुझी आई आठव. लग्न होऊन आली तेव्हा तिला क्रोशाची सुई मी शिकवली. माझ्यासमोर पाटावर बसवून. ती बाई आजतागायत सुई डाव्या हाताने चालवते. मी तिला वेंधळी म्हणत आले. ती वेंधळी नव्हती, समोर होती.

तर तुझा किंतु गेला. नीट झोप. आता राहिला तुझा बाप. त्याला लिहिते आहे. तू मध्ये बोलू नकोस, त्याची आई अजून जिवंत आहे.

आजी

---

१८ एप्रिल

चि. मोजणीदारास,
आईचे आशीर्वाद. वि. वि.

सोबत पलीकडच्या बाईंच्या पत्राची नक्कल आहे, मी स्वतः उतरवली, त्यात काना-मात्रा माझ्या पण मजकूर तिचा. आधी ती वाच. मग चष्मा पुसून परत वाच. मग हे वाच.

वाचलंस? आता तुझ्या मनात जे येईल ते मी आधीच लिहिते, म्हणजे टपालखर्च वाचेल. तू म्हणशील, म्हातारीने नातवासाठी रचलं. तिला रचायचं असतं तर उजवा हात एवढं सांगून ती गप्प बसली असती, लग्न तेवढ्यानेच होत होतं. पुढचं लिहून तिला काही मिळालं नाही, उलट एक विहीण हातची जायची वेळ होती. तू म्हणशील, आपले लोक जन्माचे डावखुरे. तुझ्या बापाला भाकरी मोडताना तू पाहिलं आहेस. तू म्हणशील, वंशवृक्षात असं नाही. वंशवृक्ष तू काढलास.

पोरगी जूनच्या आत ठरवणार आहे. ती तुझ्यावाचून लग्न करू शकते, पण करू इच्छित नाही. हा तिचा चांगुलपणा आहे, त्याला तू धोंडा बांधू नकोस. त्या मुलात खोट असेल तर सांग, मी ऐकते. आडनावाची खोट आता सांगायची नाही, कारण ते आडनाव त्यांनी आपल्याला दिलं आहे, आपण त्यांना नाही.

मे महिन्यात तुमच्या त्या आडनाववाल्यांच्या मेळाव्यात तू हा वृक्ष सगळ्यांपुढे उघडणार आहेस. मला आमंत्रण आहे, पहिल्या रांगेत खुर्ची आहे. मी येईन. तू तिथे भांडखोर भावाची गोष्ट सांगितलीस तर मी खुर्चीतून उठून तिचं पत्र वाचीन. माझा आवाज कसा आहे तुला माहीत आहे.

सूनबाईला आशीर्वाद. तिला सांग, ती वेंधळी नाही. का ते ती नक्कल वाचून तिलाच कळेल.

तुझी
आई

---

२७ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला.

त्या बाईंच्या म्हणण्यात एक पळवाट आहे, ती मी मोजणीच्या सवयीने शोधली. समोर बसून डावा झालेल्याच्या समोर आणखी कोणी बसला तर तो पुन्हा उजवा होईल. म्हणजे त्यांचा उजवा हात मूळचा आहे हे कशावरून? कदाचित तेच शिकाऊचे शिकाऊ असतील आणि मूळ कोणी तिसरेच. हे मी त्यांना खोटं पाडायला लिहीत नाही. रात्रंदिवस मनात हेच फिरतं आहे म्हणून लिहितो.

आई, तू रागावून लिहिलंस तरी मला एक सांग. आपण त्या घरचे नव्हे तर कोणाचे? तो समोर बसलेला पोरगा दुकानात आला तेव्हा त्याला काहीतरी आडनाव असेलच. ते काय होतं? मी सगळीकडे विचारलं. कोणालाच माहीत नाही. अठरा वर्षं मी देशोदेशीच्या लोकांना तुमचं मूळ सांगतो म्हणून पत्रं लिहिली. त्यांनी आपल्या मुलांना ती वाचून दाखवली. आता त्यांना काय लिहू, की माझ्याच मुळाचा पत्ता नाही? उसन्या नावाने मी जन्मभर सह्या केल्या असं मला वाटतं आहे. काल बँकेत सही करताना हात थांबला.

मुलाबद्दल माझी तक्रार नाही. तो दोनदा फोनवर बोलला, सभ्य वाटला. पण त्या लग्नात उभा राहिलो तर हे सगळं मान्य केल्यासारखं होईल. माझ्याच्याने होत नाही. मला समजून घे.

तुझा

---

५ मे

चि. मोजणीदारास,
आशीर्वाद. वि. वि.

समजून घेतलं. आता तू समजून घे.

तुझी पळवाट बरोबर आहे. त्यांचे समोरचे कोणाच्या समोर बसले होते देव जाणे. पण ती पळवाट लग्नाकडेच जाते, बघ. एका घरातल्या शेजारी बसलेल्यांचे हात वेगळे होत नाहीत. एक डावा आणि एक उजवा म्हणजे मध्ये कुठेतरी कोणीतरी परका समोर बसला होता, आपला की त्यांचा ते सोड. म्हणजे पोरं भाऊबहीण नाहीत हे तूच मोजून दिलंस. तुझी हुशारी वाया जात नाही, फक्त तुला उशिरा कळते.

आता उसन्या नावाचं. हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि हसले. आधी हसले, मग चिडले.

माझं लग्न झालं तेव्हा मी सतरा वर्षांची. सकाळी एका आडनावाची होते, संध्याकाळी दुसऱ्या. कोणी विचारलं नाही, हात थांबतो का. त्या दिवसापासून याच नावाने रेशन आणलं, याच नावाने दवाखान्यात तुला जन्म दिला. तुझा बाप गेल्यावर दुकानाची पाटी याच नावाने उभी ठेवली, दिराच्या हातात हातोडा आणि माझ्या हातात गल्ला. तुझा बाप या नावात जितका जगला त्याहून मी जास्त जगले. तुझी आजी, तुझी बायको, सगळ्या उसन्या. एकीचंही ऐकलंस कधी की सही करताना माझं मूळ हरवलं?

तुझ्या त्या कागदावर मी आहे ना? बापाच्या नावापुढे कंस करून सौ. लिहिलंयस. माझं माहेरचं आडनाव कुठे आहे? तुझ्या आज्यांचं कुठे आहे? अर्धी माणसं तू मुळावाचून लावलीस आणि झाड उभं राहिलं, तेव्हा तुला काही खटकलं नाही. आता एका पुरुषाचं मूळ सापडेना तर लगेच झाड कोसळलं.

तो समोर बसलेला पोरगा कोणाचा होता मला ठाऊक नाही. पण मालक परत आला नाही तरी त्याने दुकानाची कडी काढायची सोडली नाही, एवढं ठाऊक आहे. वाईट हात असता तर लोकांनी अंधारात भांडं ओळखलं नसतं. ते आडनाव त्याने चोरलं नाही, ठोकून ठोकून आपलं केलं. मीही तसंच केलं. तुला मात्र ते आयतं मिळालं, म्हणून तुला रडू येतं.

पोरीच्या लग्नाला जा. मूळ सापडेपर्यंत थांबलास तर ती म्हातारी होईल. माझ्या पोटचा आहेस हे तरी नक्की आहे, त्याला मी साक्षीदार आहे. तेवढ्या मुळावर विमानात बस.

आई

---

२३ मे

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तू मेळाव्याला आली नाहीस. गुडघ्यांचं कारण कळवलंस. तू मुद्दाम आली नाहीस हे मला समजलं. पहिल्या रांगेतली तुझी खुर्ची रिकामी ठेवली होती.

मी वृक्ष उघडला नाही. गुंडाळलेलाच टेबलावर ठेवला आणि त्या बाईंच्या पत्राची नक्कल वाचून दाखवली. अर्ध्यावर दोघे उठून गेले, त्यांतला एक खजिनदार. वाचून झाल्यावर एवढंच म्हणालो की ज्यांच्या घरचे लोक डाव्या हाताने ठोकायचे त्यांनी डावा हात वर करावा, उजव्या हाताने ठोकायचे त्यांनी उजवा, आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी खाली ठेवावा.

निम्मे डावे वर आले, निम्मे उजवे. दोन सख्ख्या वाटणाऱ्या घरांचे हात वेगळे निघाले, ते एकमेकांकडे बघत राहिले. परदेशातून पडद्यावर जोडले गेलेले लोकही हात वर करून बसले होते. मग मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, चला, आता आपल्यात सोयरिकी करायला हरकत नाही. सगळे हसले. मीही हसलो असं तुझी सून म्हणते. मला आठवत नाही.

तिकिटं काढली आहेत, दोघांची. भिंगरीला मी स्वतः फोन केला. ती नुसती नाक ओढत होती.

खिडकी आता मोकळी आहे.

तुझा

---

४ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र तुझ्या बापाच्या पिशवीतून येतं आहे, टपालापेक्षा तो हळू आहे पण हरवणार नाही. मी येत नाही. दोन जिने उतरायचे म्हणजे माझं अर्धं आयुष्य जातं, विमानाची बात सोड. त्याला तिथे जास्त बोलायला लावू नकोस. उभा आहे एवढ्यावर समाधान मान, त्याला तेवढ्यालाच फार लागलं आहे. विहीणबाईंना सांग, तुमचं पत्र तांदळाच्या डब्याखालून काढलं, आता डब्यावर ठेवलं आहे.

तुझी आई म्हणत होती की तिकडच्या कचेरीत बाईने विचारलं, लग्नानंतर मुलीचं आडनाव काय लिहू. तू म्हणालीस, तेच. ती म्हणाली, बदलायचं नाही का? तू परत म्हणालीस, तेच. या घरात आलेल्या आणि या घरातून गेलेल्या बायकांत लग्नाच्या दिवशी जिला नाव बदलावं लागणार नाही अशी तू पहिली. यात तुझं कर्तृत्व काही नाही, टपालवालीचं आहे. तरी मिरवून घे.

एक सांगायचं राहिलं. तुझ्या बापाने नवा कागद आणला आहे, यावेळी लहान. त्यात बायकांची माहेरची आडनावं लिहितो आहे. परवा पेन घेऊन माझ्यासमोर बसला. माझं विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाला, तुझ्या आईचं माहेरचं? मला ठाऊक नाही. आई होती तोवर विचारलं नाही, आता सांगणारं कोणी नाही. त्याने तिथे रिकामी जागा सोडली. रेघसुद्धा मारली नाही.

त्या आडनावाची माणसं असतीलच कुठे ना कुठे. इथे असतील, तिकडे तुझ्या नव्या शहरात असतील, कुठल्याशा पेटीवर नाव लावून राहत असतील. मी त्यांना ओळखायची नाही, ती मला ओळखायची नाहीत, आणि तुझा बापसुद्धा त्यांना शोधू शकणार नाही. तेव्हा जिन्यात कोणीही भेटलं तर जरा नीट बोलत जा. आपलं असू शकतं.

संसार नीट कर. भांडलात तर त्याच दिवशी संपवा, मला कळवू नका. माया इथून जाईल तेवढी पाठवते आहे, उरलेली तिकडच्या आजीकडून घे.

तुझी
आजी